पंपाला ठोके नसतात

परमप्रतापी धाकटे बंधुराज यांस,

अतिदक्षता विभागाच्या दारात मला मिळालेल्या दोन्ही सपाता डाव्या पायाच्या निघाल्या, हे अत्यंत खेदपूर्वक नमूद करतो.

शस्त्रक्रियेनंतर बाबांचं हृदय थकलंय, म्हणून रक्त फिरवायला पंप लावलाय. त्याचा प्रवाह अखंड असल्याने नाडी हाताला लागत नाही. आईने सवयीने मनगट धरलं आणि किंचाळलीच.

"आजी, पंपाला ठोके नसतात," नर्स म्हणाली.

"पंपाला नसोत, यांना तरी असू देत!"

तू फोनवर म्हणालास, "कळवत राहा." धन्य ती पितृभक्ती!

उद्या डॉक्टर पंपाचा वेग कमी करून बघणार आहेत. बाबांचं हृदय आपलं आपण चाललं नाही, तर आईला सांगायला मी एकटाच आहे. मला ते जमणार नाही.

हे पत्र खिशातच ठेवणारा,
तुझा दादा