पक्की यादी

३ जून
नव्या कचेरीत रुजू झाले! खिडकीजवळचं टेबल मिळालंय. सत्तावन्नाव्या वर्षी आणखी काय हवं? सर्व्हर आपोआप उभे करणारा कोड लिहायला नि तपासायला टूल निवडायचंय. काय काय उभं हवं त्याची यादी टूलला द्यायची; तपासणीपुरती ती कच्ची यादी, खऱ्या यंत्रणेची ती पक्की. शाळेतल्या सिस्टर आठवल्या. कच्च्या वहीत चुका करा, म्हणायच्या, पक्कीत नाही. साहेबांनी सांगितलं, कायमची जागा एकच. मी किंवा शेजारच्या टेबलावरची चिमणी, जिचं टूल निवडलं जाईल ती राहणार. चिमणी पंचविशीतली. लगेच मला मावशी म्हणू लागली.

१० जून
चिमणीचं टूल पाहिलं. यादीत लिहिलंय तेवढंच ठेवतं, एकदा ‘हो’ म्हटलं की बाकी सगळं काढून टाकतं. माझं बिचारं प्रत्येक पायरीला विचारतं. साहेब म्हणाले, मावशी, ही तर बैलगाडी! सगळे खो खो हसले. चिमणी तेवढी हसली नाही, उलट चहा आणून दिला. त्याचाच जास्त राग आला.

१४ जून
तिचंच टूल घेणार, असं कानावर आलंय. यादीत कर्मचाऱ्यांची खातीही असतात. ती जेवायला गेली तेव्हा तिच्या नावाची ओळ खोडून टूल चालवलं. कच्च्या यादीतच, उगाच. हिरवी खूण आली. काय गार वाटलं जिवाला!

१५ जून
चिमणी आली नाही. तिचं टेबलही नाही. साहेबांना विचारलं तर म्हणाले, कोण चिमणी? पहिल्यापासून तुम्ही एकट्याच आहात. वर टूल छान निवडलंत म्हणून पाठ थोपटली. तिचं टूल.
दोन्ही याद्या पडद्यावर अगदी सारख्या दिसतात. मी पक्कीतलीच ओळ—

१७ जून
तिच्या घरी गेले. आई म्हणाली, मला मूलच नाही हो. हातात चहाचे दोन कप होते. दुसरा कुणाचा, ते तिलाच आठवेना. दारातच रडायला लागली—

१८ जून
पक्कीत तिची ओळ परत लिहिली. टूल म्हणतं, एक जोडणार, एक काढणार.
जागा एकच ना—
साहेब पुन्हा तिचंच कौतुक करतील. अजूनही जळते मी. शी!
पण तिची आई—
‘हो’ दाबलं.
पावलं वाजताहेत. तीच. साहेबांना विचारतेय, खिडकीजवळ हे रिकामं टेबल कुणाचं—
अगं, रिकामं कुठे? मी बसलेय ना! माझं ना