उदक सोडलेलं घड्याळ

मी, शकुंतलाबाई, कै. नरसिंहराव हेरेकर यांची पत्नी, वय अडुसष्ट, धंदा मेतकूट व चटणीपूड करून विकणे, राहणार अकरावा क्रॉस, मल्लेश्वरम, बेंगळूर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. समोरच्या घरचे डॉक्टर शरच्चंद्र यांनी आज सकाळीच मला तपासून तसं सांगितलं. कोणी धाक घातलेला नाही. मला धाक घालणारं माणूस अजून जन्माला यायचं आहे. वकिलांचं म्हणणं होतं, कागद इंग्रजीत करू या. मी म्हटलं, मरायचं मला आहे, तेव्हा मराठीतच होऊ दे.

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही. गरजच नव्हती. जे काही होतं ते अवधूतचं होतं. अवधूत माझा एकुलता एक मुलगा. सात वर्षांपूर्वी मित्रांबरोबर कावेरीकाठी हिंडायला गेला आणि पाण्यात गेला. सव्वीस वर्षांचा होता.

घर, भांडी, दागिने यांची वाटणी खाली केली आहे. पण खरं सांगायचं तर हा सगळा खटाटोप मी एका घड्याळासाठी करते आहे, आणि ते घड्याळ माझ्या मालकीचं नाही, आमचे पुरोहित भीमाचार्य यांच्याकडे आहे. दिव्यश्री, माझी पुतणी, गेल्या महिन्यात भरल्या ताटावर म्हणाली, "काकू, तुम्ही नसाल ना, तेव्हा मी ते घड्याळ आचार्यांकडून आणणारच. कोर्टात जावं लागलं तरी सरी, चालेल." पोरगी बोलते ते करते. म्हणून तिला लेखी अडवून ठेवणं भाग आहे.

कलम १. राहतं घर, मागच्या अंगणासह आणि अंगणातल्या कढीलिंबासह, दिव्यश्रीला द्यावं. माझ्या गळ्यातली साखळी आणि पाटल्याही तिलाच. या मृत्युपत्राची अंमलबजावणी तिनेच करावी. तिच्या वडिलांचं आणि माझं बोलणं बंद असताना ती रोज येऊन माझ्या पायाला तेल लावून गेली, एकदाही मध्ये पडली नाही. कढीलिंब तोडला तर मात्र मी वरून बघते आहे हे ध्यानात ठेवावं.

कलम २. दगडी ग्राइंडर शेजारच्या अंबुबाईंना. खरं म्हणजे या कागदावर साक्षीदार म्हणून अंबुबाईच सही करणार होत्या. वकिलांनी सांगितलं, साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही. अंबुबाई स्वल्प विचार करून म्हणाल्या, "मग अक्का, सही दुसऱ्या कुणाची तरी घ्या." इतका स्पष्ट माणूस या गल्लीत दुसरा नाही.

कलम ३. अवधूतचे डोंगरावर चढायचे बूट आणि पाठीवरची पिशवी विनोदकुमारला. विनोदकुमार त्याच्याबरोबर बोम्मसंद्राच्या कारखान्यात होता आणि त्या दिवशी नदीवरही होता. त्याच्यामागे पाण्यात उडी मारली ती यानेच. याचाही जीव जायचा, पण लोकांनी ओढून काढला. तेव्हापासून तो आमच्या गल्लीत येतो, फाटकापर्यंत येतो आणि परत जातो. मी खिडकीतून बघते. बाळ विनोद, माझ्या मनात तुझ्याबद्दल काही नाही रे. बूट न्यायला आत ये, बस, कॉफी पी. मी असेपर्यंत आलास तर मीच करून देईन.

कलम ४. घड्याळाबद्दल.

हे घड्याळ अवधूतने नोकरी लागल्यावर घेतलं. काळं, जाडजूड, रबरी पट्ट्याचं. काटे नाहीत, नुसते आकडे. बटण दाबलं की आत हिरवा दिवा लागायचा. त्यात गजर, तारीख, पळताना वेळ मोजायची सोय आणि दुसऱ्या देशात किती वाजले तेसुद्धा. दर तासाला दोनदा पिक-पिक करायचं. आणलं त्या दिवशी पठ्ठ्याने माझ्या देखत ते जिन्यावरून खाली फेकलं, मग बादलीत बुडवलं, आणि वर काढून माझ्या नाकासमोर धरलं. "आई, बघ! चालू!" मी म्हटलं, "मेल्या, एवढे पैसे घालून आणलंस ते फेकायला?" डोंगरावर तेच, कारखान्यात तेच, सत्यनारायणाला सोवळ्यातही तेच. मी म्हणायची, "लग्नात तरी बरं घड्याळ घाल." तर म्हणे, "हेच घालीन. मुलीला चालत नसेल तर ती नको."

पाण्यातून त्याला काढलं तेव्हा ते त्याच्या मनगटावर होतं आणि चालू होतं. पोलिसांनी ते प्लास्टिकच्या पिशवीत घालून माझ्या हाती दिलं. कोणीतरी म्हणालं, "काय मजबूत आहे हो!" त्या माणसाचं तोंड मी विसरलेले नाही.

तेराव्याला दानं झाली. आमच्यात रीत अशी, की गेलेल्याला जे सगळ्यात प्रिय ते दान द्यायचं, आणि घेणाऱ्याने ते वापरायचं. वापरलं तरच त्याला पोचतं म्हणतात. दानाची तयारी माझे दीर, दिव्यश्रीचे वडील आप्पाजी, यांनी केली. मी शुद्धीवर असून नसल्यासारखी. ते "पाणी सोडा, वहिनी" म्हणाले की मी तबकावर पाणी सोडत होते. छत्री, चपला, पंचा, धोतरजोडी. भीमाचार्य सगळं पिशवीत भरून उंबऱ्याबाहेर पडले आणि त्यांच्या पिशवीतून दोनदा पिक-पिक झालं.

आप्पाजींनी घड्याळ धोतराच्या घडीत ठेवलं होतं. मला विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर मी दिलं नसतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

मी अनवाणी रस्त्यात धावले. आचार्यांची पिशवी धरली. ते भले गृहस्थ रडवेले झाले. म्हणाले, "अक्का, उदक सुटलं. आता परत घेतलं तर त्याची वाट अडेल. तुम्हीच सांगा, काय करू?" माझा विश्वास होता की नव्हता, हे मला आजही सांगता येत नाही. पण कुठल्या आईने ती परीक्षा घ्यायची? मी पिशवी सोडली. रस्त्यातच बसले.

पुढे आचार्य ते घड्याळ घालूनच गल्लीतून ये-जा करू लागले. धोतर, उपरणं, कपाळाला गंध आणि मनगटावर हे काळं धूड. पोरं हसायची. कुणाच्या घरी अभिषेक चालला असताना त्यांच्या हातातून पिक-पिक व्हायचं आणि सगळे माना वळवायचे. मी पहिलं वर्षभर त्यांना बघितलं की दार लावून घेई. मग दार उघडं राहू लागलं. मग त्यांची यायची वेळ झाली की मीच काही ना काही काम काढून फाटकाशी उभी राही. आचार्यही फाटकाशी आले की चालणं हळू करत.

त्यांचं घर आमच्या घरामागे, अंगणाच्या भिंतीपलीकडे. अवधूतने कारखान्याच्या बससाठी लावलेला पहाटेचा गजर त्यांनी कधी काढला नाही. ते म्हणत, काढता येत नाही. रोज पहाटे भिंतीपलीकडे गजर व्हायचा आणि मी इकडे कॉफीचं पाणी ठेवायची. माझा मुलगा उठला, असं मी मनात म्हणायची. त्यात कोणाचं काय गेलं?

दोन वर्षांपूर्वी एक दिवस गजर झाला नाही. मी पाणी न ठेवताच बसून राहिले. दुपारी आचार्य आले, पहिल्यांदाच फाटकाच्या आत. सेल संपला होता, नवीन घालून आणला, पण आतलं सगळं पुसून गेलं होतं. म्हणाले, "अक्का, मुलगा किती वाजता उठत होता? तेवढं लावून पाहिजे." दिव्यश्रीने बटणं दाबून सव्वापाच लावले. मग आचार्यांनी ते माझ्या हातात दिलं. पट्ट्याला अवधूतच्या मापाचं भोक अजून रुंदावलेलं होतं. आचार्यांचं मनगट बारीक, ते आतल्या भोकात लावतात. मी ते गालाला लावून किती वेळ बसले कोण जाणे. तेव्हा आचार्य हळूच म्हणाले, "हवं तर ठेवून घ्या, अक्का. पाप लागायचं ते मला लागू दे. मी कुणाला सांगत नाही."

अय्यो देवा, ठेवावंसं वाटलं. खोटं कशाला लिहू? फार वाटलं. माझ्या मुठी सुटत नव्हत्या.

मग मी त्यांना हात पुढे करायला सांगितलं आणि माझ्या हाताने त्यांच्या मनगटावर ते बांधलं, आतल्या भोकात. पहिल्यांदा दिलं ते आप्पाजींनी. त्या दिवशी दिलं ते मी.

सबब दिव्यश्रीने, किंवा माझ्या वतीने कोणीही, ते घड्याळ मागू नये. कोर्टात नको आणि गोडीगुलाबीनेही नको. ते दिलेलं आहे.

कलम ५. दीर आप्पाजी यांना चांदीचं तबक द्यावं. तेच तबक, ज्यात त्यांनी धोतराची घडी ठेवली होती. घासून, पुसून, रिकामं द्यावं. भावोजी, तुम्ही त्याच्या भल्यासाठीच केलंत हे मला कळतं. तरी माझं मन तुमच्याशी बोलायला तयार झालं नाही, आणि आता वेळही फार उरला नाही. तबक घ्या आणि रागवू नका.

कलम ६. माझे दिवस भीमाचार्यांच्या हातून व्हावेत. त्यांनी घड्याळ काढून ठेवू नये. क्रियेच्या मध्ये ते वाजलं तर कोणी माना वळवू नयेत, वाजू द्यावं.

तेराव्याला रिवाजाप्रमाणे विचारतील, गेलेल्या बाईला सगळ्यात प्रिय काय होतं, ते दान करा. तेव्हा दिव्यश्रीने कपाटं उघडू नयेत आणि माझ्या ट्रंकेत शोधत बसू नये. मला सगळ्यात प्रिय ते मी आधीच देऊन बसले आहे, आणि आचार्य ते रोज वापरतात. नुसतं पाणी सोडावं.

हे सगळं मी लिहिलं, साक्षीदारांना वाचून दाखवलं आणि त्यांच्यासमोर सही केली.

शकुंतलाबाई नरसिंहराव हेरेकर

साक्षीदार:

१. डॉ. शरच्चंद्र. बाई पूर्ण शुद्धीवर आहेत. वाचताना एकदा थांबल्या, पाणी प्यायल्या, पुढे वाचलं.

२. भीमाचार्य. मला या कागदातून काही मिळत नाही, हे मी ऐकलं आणि मान्य केलं. सही करायच्या वेळी माझ्या हातातलं घड्याळ दोनदा वाजलं. अक्का म्हणाल्या, थांबा, होऊ दे. झाल्यावर मी सही केली.

मल्लेश्वरम, बेंगळूर. दिनांक ९ नोव्हेंबर १९९८, सकाळी अकरा, त्याच घड्याळाप्रमाणे.