खिळ्यांची भिंत

बाबा, आपलं देशी दारूचं दुकान बंद झालं. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली, तरी हे आधी तुम्हालाच सांगावंसं वाटलं. आजोबांनी मोहाच्या दारूच्या परवान्यावर सुरू केलेलं, तुम्ही चाळीस वर्षं चालवलेलं. जिल्हा फुटून गोंदिया वेगळा झाला तेव्हा तिकडे बदली झालेल्या कारकुनांनी निरोपाचा पेला आपल्याच सागवानी बाकड्यावर घेतला होता, हे तुम्ही येईल त्याला ऐकवायचात. आता त्या बाकड्यावर तुमच्यामागं दुकान सांभाळणारा दादा एकटाच बसून असतो.

आणि ती खिळ्यांची भिंत. बाजाराच्या दिवशी तुमचा नियम ठरलेला, "पयले थैली दाखव, मंग पेला." घरचा बाजार भरलेली थैली खिळ्याला लटकली की मगच तुम्ही ओतायचात. या नियमाचा मला केवढा तोरा होता! शाळेत कुणी दारूवाल्याची पोरगी म्हणालं की मी त्या भिंतीची गोष्ट तोंडावर फेकायचे. मग एका बाजाराच्या दिवशी तुमचा डबा घेऊन आले नि माझ्या धक्क्यानं एक थैली खाली पडली. आत नुसती धानाची तणस, गुरांपुढे टाकायचा वाळका पेंढा, वर चार वांगी. तुम्ही पाहता. वाकता. तणस परत कोंबून थैली खिळ्याला लावता आणि ज्याची थैली त्या माणसाचा पेला भरता. मी तोंड उघडलं तर म्हणालात, "चूप बस. तुले काय कराचं आहे त्यात?" तेव्हा तुमचा भयंकर राग आला. तो अजून पुरता गेलेला नाही.

यंदा त्याच माणसाच्या बायकोनं दुकान बंद करायला गावातल्या बाया गोळा केल्या. मतदान लागलं. उभी बाटली म्हणजे दुकान राहू द्या, आडवी म्हणजे बंद करा. माझं सासर गावातच, त्यामुळे मत मलाही होतं. ती दारात येऊन म्हणाली, "बाई, तू दुकानवाल्याची पोरगी. तू आली तं बाकीच्या भिणार नाही." मी गेले. तिच्यासोबत घरोघर फिरले, तणशीची गोष्टसुद्धा सगळ्यांना सांगितली. दादा त्या दिवसापासून माझ्याशी बोलत नाही.

निकालानंतर तिनं मला मिठी मारली, "तुयामुळं झालं वं," म्हणाली आणि रडली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. हे पत्र दादाला दाखवता येत नाही, तिलाही नाही, आणि तुमच्यापर्यंत ते पोचायचं नाही. बाबा, पडद्याआड शिक्का हातात घेतला तेव्हा त्या थैलीसाठी तुमचं ते वाकणं आठवलं. मी उभ्या बाटलीवर मारला.