पान १४ वरची सही

१० नोव्हेंबर २०२५, सोमवार. सकाळी ११.२०
फाईल क्र. ३७ स्कॅन करत होतो. तेरा पानं झाली. चौदावं काचेवर ठेवलं आणि खाली अण्णांची, माझ्या वडिलांची सही दिसली. झाकण न लावताच उभा राहिलो.
विषय : आकाशात दिसलेल्या अज्ञात प्रकाशाबाबत. वर ‘गोपनीय’ शिक्का, त्यावर आता लाल रेघ. गाव आमचंच. जबाब असा : ‘मी त्या पहाटे झोपेत होतो. काहीही पाहिले नाही. गावात उगाच अफवा आहे.’
हे अण्णा म्हणाले? ज्यांनी मला लहानपणापासून हाताने दाखवलं, टेकडीवर एवढा उजेड, मग खाचरांवरून सरकत गेला, आवाज नाही...
आमच्या दप्तरखान्याच्या मॅडमना सांगितलं, मशीन तापलंय. खोटं बोललो.

त्याच दिवशी, संध्याकाळी ७
शुक्रवारी या सगळ्या फायली सरकारी संकेतस्थळावर उघड होणार. अण्णा घोटीच्या भात गिरणीत सगळ्यांना सांगून बसलेत. तिथला मुकादम त्यांना उजेडराव म्हणतो. परवा फोनवर अण्णाच सांगत होते. तो म्हणाला, “काय उजेडराव, सरकार तुमचं विमान कधी सोडतंय?” अण्णा म्हणाले, “शुक्रवारी. मोबाईल चार्ज करून ठेव. फौजदारानं माझं लिहून घेतलंय.”
मला कळतं तेव्हापासून हे एकच वाक्य. लिहून घेतलंय.
जेवलो नाही.

११ नोव्हें.
पान वगळता येईल का, पाहिलं. नाही. कोपऱ्यात पेन्सिलीने आकडे आहेत, एकूण २२. मॅ. रोज मोजतात. शिवाय ते चूकच. अकरावी सोडल्यावर मिळालेलं हे पहिलं टेबलावरचं काम.
मोबाईल आत न्यायला बंदी आहे. नेला. फोटो काढला.

१२ नोव्हें.
अर्धी रजा. घोटी. अण्णा गिरणीमागे कोंड्याच्या पोत्यावर बसले होते. मोबाईलवरचं पान चष्मा लावून दोनदा वाचलं.
“सही माझीच हाय.”
“आणि मजकूर?”
“मजकूर कुठं व्हता तवा? कागद कोरा व्हता. फौजदार म्हणाला, तुझं सगळं ऐकलं, सही कर, मी नीट लिहितो. सगळेच करायचे.”
“आणि तुम्ही केलीत?”
“तो खुर्चीवर. मी उभा.”
मग चष्मा काढून : “म्हणजे त्यानं लिहिलंच नाय व्हय रं?”

परतताना बसमध्ये मनात आलं ते लिहितो. कागद कोरा होता, हे तरी कशावरून? बापाबद्दल असं मनात आलं. लाज वाटली, पण आलं.

१३ नोव्हें.
पान पुन्हा काढलं. वरच्या ओळी ऐसपैस. खाली येता येता अक्षर बारीक. शेवटची ओळ सहीपाशी येऊन वर वळते. ‘अफवा आहे’ मधलं ‘आहे’ सहीच्या शेपटावर चढवलंय. सही निळी, मजकूर काळा. सही आधी, मजकूर नंतर. तीनदा तपासलं.
पण आमचं स्कॅनिंग काळंपांढरं. त्यात दोन्ही शाई एकच, सगळी गिचमीड. माझा फोटो दाखवून उपयोग नाही, तो चोरून काढलेला. सरकारी पानावरच दिसलं पाहिजे.
मॅ.ना विचारलं, एक पान रंगीत करू?
“एकच? का रे, तुझी लग्नपत्रिका आहे का त्यात?”
सांगितलं. सगळं. वडील आहेत हेही.
त्यांचं हसू गेलं. “घरचा कागद आहे हे मला सांगायला नको होतंस. आता मला वर कळवावं लागेल.”
“आणि रंगीत?”
“मी हो म्हटलेलं नाही.” मग फाईल माझ्याकडे सरकवून, “नाहीही म्हटलेलं नाही. फाईल उद्या दुपारपर्यंत तुझ्याकडेच आहे.”

१४ नोव्हें., शुक्रवार
१२.४० पा. १४ रंगीत केलं. बाकी २१ काळीपांढरी. काही खोडलं नाही, काही जोडलं नाही. इथे लिहून ठेवतो.
३.०० मॅ.नी तपासणी केली. पा. १४ वर थांबल्या. पडद्यावर मोठं केलं. मग पुढचं पान.
३.३० फायली संकेतस्थळावर गेल्या. मॅ. म्हणाल्या, सोमवारी येऊ नकोस, बोलावलं तर ये. ओळखपत्र ठेवून घेतलं.
६.१० अण्णांना फोन. गिरणीतच होते. मुकादमाने फाईल उघडून जबाब मोठ्याने वाचून दाखवला होता. मागे माणसं हसत होती. कोणीतरी ओरडलं, “झोपा, उजेडराव, झोपा!”
अण्णांना म्हटलं, फोन मुकादमाला द्या.
“बोला साहेब. तुमचे वडील झोपेत होते म्हणे.”
“पान मोठं करा. सहीजवळ. शेवटची ओळ बघा.”
“बघितली. काय त्यात?”
“ती सरळ जाते का?”
हसणं चालूच. मग मुकादमाचा आवाज, माझ्याशी नाही, “ए, गप रे जरा. गप बसा.”
फोन कानाशी धरून लिहितोय. अजून कोणी बोललेलं नाही.