मिनतीदींचा वाडगा

ती. शालिनीताईस,
श्रीपादचा अंदमानातून वाकून नमस्कार. (प्रत्यक्ष वाकलेलो नाही, कंबर धरली आहे. गोड मानून घे.) तिकडे ग्वाल्हेरला, इंदरगंजात कडाक्याची थंडी असेल, तुझे गुडघे कुरकुरत असतील आणि भाऊजी स्वेटरवर शाल घेऊन उन्हात बसले असतील. मी इथे बनियनवर घामाघूम बसून तुमचा हेवा करतो आहे. फोन का केला नाही म्हणशील, तर विमल शेजारीच आहे आणि मला जरा मोकळेपणी लिहायचं आहे.

तुला माहीतच आहे, विमलने जन्मात समुद्र पाहिला नव्हता. माधवगंजातून उठायचं आणि एकदा समुद्रात पाय बुडवायचे, एवढंच तिचं लग्नापासूनचं मागणं. म्हणून यशोधनने या बेटावर आम्हाला घर भाड्याने घेऊन दिलं. आईबाबांना बाहेरचं चालत नाही, म्हणून मुद्दाम स्वयंपाकघर असलेलं. (मुलगा गुणी आहे. पण आईला सुट्टीवर धाडताना सोबत स्वयंपाकघर देऊ नये, हे त्याला कोणी शिकवलं नाही.)

आलो त्याच दिवशी घरमालकीणबाई, मिनतीदी, स्टीलच्या वाडग्यात माशाचं कालवण घेऊन आल्या. शेजारीच राहतात. बंगाली बाई, मायाळू, वयाने विमलएवढ्या. आता आपल्या घरी चातुर्मासात कांदासुद्धा उंबऱ्याबाहेर असतो, तिथे मासा! पण दारात आलेल्या बाईचं मन कसं मोडायचं? मी ते कालवण मागच्या दारी एका मांजरीपुढे ठेवलं आणि वाडगा घासून परत द्यायला निघालो. विमलने अडवलं. "अहो, खाली वाडगा कसा द्यायचा? बुरं दिसतं!" मी म्हटलं, चिमूटभर साखर घाल. तर म्हणाली, एवढ्या वाडग्यात चिमूटभर साखर म्हणजे टोमणाच. मग तू बांधून दिलेली तीळ-गुळाची कडक गजक त्यात गेली.

मिनतीदींना वाटलं, कालवण फारच आवडलं. दुसऱ्या दिवशी वाडग्यातून कोळंबी आली, शंकरपाळे गेले. मग खेकडा आला, लाडू गेले. बरोबर आणलेलं सगळं संपल्यावर विमलने पदर खोचला आणि शेव काय, वड्या काय, सुचेल ते करायला घेतलं. समुद्र स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसत होता. विमल कढईकडे बघायची, मी समुद्राकडे आणि मांजर माझ्याकडे. ताई, मी फार दमलो गं. इतका तर नोकरीतही दमलो नव्हतो.

उद्या आमची परतीची बोट. आज सकाळी बेसन संपलं, साखरही संपली, आणि विमलने बाजारात जायला पिशवी उचलली. तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं. रिकामा वाडगा घेऊन मी तडक मिनतीदींच्या दारात गेलो आणि सगळं सांगून टाकलं, मांजरीसकट. त्या मटकन पायरीवर बसल्या. मला वाटलं, आता रडणार. तर हसू आवरेना त्यांना. म्हणाल्या, "दादा, आपका कटोरा रोज भरके आता था, तो हम खाली कैसे रखेगा? हम भी मछली के पीछे भाग-भाग के थक गया!" आणि आपली गजक? त्यांच्या दातांना झेपली नाही, बकरीला घातली. (बकरीची तब्येत उत्तम आहे.)

मग त्या आमच्या घरी आल्या, विमलच्या हातातली पिशवी काढून घेतली आणि तिला समुद्रावर घेऊन गेल्या. दोघी हात धरून पाण्यात उतरल्या. लाट आली की विमल लहान मुलीसारखी ओरडायची. एवढ्या वर्षांत तिचा तो आवाज मी ऐकला नव्हता. मी काठावर दोघींच्या चपला सांभाळत उभा होतो. मला फार बरं वाटलं, ताई. माझी आठवण मात्र कोणाला झाली नाही.

आता सामान बांधायचं आहे. भाऊजींना नमस्कार सांग.

तुझा दमलेला भाऊ,
श्रीपाद

ता. क. : आत्ताच मिनतीदी वाटेत खायला नारळाचे लाडू देऊन गेल्या. त्याच वाडग्यात. म्हणजे वाडगा आमच्याबरोबर ग्वाल्हेरला येतो आहे, आणि तो रिकामा परत जाणार नाही हे तू जाणतेसच. विमल म्हणते, पोस्टाने पाठवणं बरं दिसत नाही.

पुन्हा ता. क. : तिचे घोटे भिजले, गुडघे राहिलेत. यशोधन तुझं ऐकतो. पुढच्या थंडीत हेच घर घे म्हणून त्याला सांग. वाडग्यातून न्यायला लाडू तुझ्या हातचे, मऊसर. माझं नाव मात्र मध्ये आणू नकोस. त्याने माझं विचारलं तर सांग, बाबा फार दमलेत.