डाव्या खांद्याचा दस्ता

५ ऑक्टोबर १९५९, सोमवार
रायफलीचा लाकडी दस्ता आला. कॅटलॉगातल्या चित्रात राजाच्या बंदुकीचा वाटत होता. खोक्यातून निघाला तो सफरचंदांच्या पेटीचा चुलतभाऊ. सोबत चिठ्ठी — "किरकोळ घासकाम करून घ्यावे." किरकोळ! रायफल बसायची खाच बीव्हरने कुरतडल्यासारखी आहे.
अर्विडने खिडकीजवळच्या खुर्चीतून मान वळवली. म्हणाला, "सरपणाला बरा आहे."
मार्चपासूनचं त्याचं हे सगळ्यात मोठं भाषण. मार्चमध्ये करवत गिरणीत त्याच्या उजव्या खांद्यावर ओंडका आला. आत आता पोलादाची पट्टी आहे. डॉक्टर म्हणाला, त्या खांद्याला बंदुकीचा धक्का पुन्हा कधी नाही. मग डाव्याला! देवाने दोन दिलेत ना? पण सासऱ्यांची ही जुनी रायफल — लष्कराने मोडीत काढलेली, दस्ता तांब्याच्या तारेने बांधलेला — सगळी उजव्याची. म्हणून हा नवा. स्वस्तातला.

६ ऑक्टोबर
धाकटा दीर रैनो आला होता. टोपी हातात, जसा काही मयताला आलाय.
"वहिनी, यंदा दादाला शिकारीच्या कॅम्पवर नको. उगाच त्याला वाईट वाटेल. हरणाची एक मांडी पाठवतो तुम्हाला."
मी म्हटलं, "मांडी तुझ्याकडेच ठेव. एक तरी धड असू दे."
पंधरा नोव्हेंबरला हरणांची शिकार खुली होते; एकतीस वर्षांत अर्विडने कॅम्पवरची एकही पंधरा नोव्हेंबर चुकवलेली नाही. ही चुकली तर तो त्या खुर्चीतून उठत नाही. शाळा मी पाचवीत सोडली, पण एवढं मला कळतं.

९ ऑक्टोबर
गाल टेकायचा फुगवटाही उजव्या माणसाच्याच बाजूला. तासून काढला. दुसऱ्या बाजूला मॅपलचा तुकडा चिकटवला. टेंगूळ आल्यासारखा दिसतोय.

१३ ऑक्टोबर
हार्डवेअरवाल्या पेल्टोनेनला विचारलं, खाच नीट कशी करायची. तो हसला. "हिल्मा, हे बायकांचं काम नाही." मी म्हटलं, "पुरुषांचं असतं तर तू केलं असतंस. तुझ्या दुकानाचं दार सात वर्षं अडकतंय."
मग सांगितलं मुकाट्याने. लोखंडाला कंदिलाची काजळी फासायची, खाचेत बसवायचं, काढायचं. लाकडावर जिथे काळं लागेल तिथे खरवडायचं. पुन्हा काजळी. पुन्हा खरवड. सध्या माझी भाकरीही काळी, चहाही काळा. अर्विड जेवताना नाक फेंदारतो. फेंदार.

१७ ऑक्टोबर, शनिवार
आज माप घेतलं. अर्विड मापाला बसेल तर शप्पथ! पण शनिवारी सौनाच्या वाफेतून निघाला की वाफवलेल्या बटाट्यासारखा मऊ असतो. टॉवेल गुंडाळून बाकावर बसला होता. मी कोपर वाकवून घेतला, फूटपट्टी लावली.
"काय करतेस?"
"शवपेटीचं माप घेतेय. बस गप्प."
बसला.

२० ऑक्टोबर
मापाने दस्ता कापला. मागे रबराची गादी ठोकली. जवसाचं तेल तीन हात. आता बटाट्याच्या पेटीचा चुलतभाऊ दिसतो. प्रगती आहे.

१ नोव्हेंबर
मी गाढव आहे.
आज अर्विडला लोकरीचा जाड कोट चढवला आणि रायफल खांद्याला लावायला दिली. लागेना. दस्ता काखेत अडकतोय. कोट, दोन स्वेटर, आतला लांब बनियन — आणि मी माप घेतलं उघड्या माणसाचं! पंधरा नोव्हेंबरला तो काय टॉवेलवर हरणं मारणार?
अर्विडने रायफल टेबलावर ठेवली. "राहू दे, हिल्मा."
रागावला असता तर चाललं असतं. किती मऊ बोलला.

२ नोव्हेंबर
पुन्हा कापला. पाऊण इंच. गादी पुन्हा ठोकली. बोटही ठोकलं.

८ नोव्हेंबर
अर्विडला वाळूच्या खाणीवर नेलं. नेलं म्हणजे ट्रकची किल्ली दाखवून म्हटलं, चालवते मी. माझं गाडी चालवणं त्याला बघवत नाही. आला.
पहिली गोळी मी झाडली. दस्ता फुटायचाच असेल तर माझ्या तोंडावर फुटू दे, त्याच्याकडे आधीच कमी शिल्लक आहे. फुटला नाही. मग त्याने ओंडक्यावर टेकवून डाव्या खांद्याला लावली. पाचांतल्या दोन समोर ठेवलेल्या डब्याला लागल्या. नंतर मान हलवली. चांगली की वाईट, विचारलं नाही.

१४ नोव्हेंबर
बारा पेस्ट्या भाजल्या. आत बटाटा, सलगम, मांस. अर्विडने मागितल्या नव्हत्या. पिशवी दाराशी ठेवली. त्याने तिच्याशेजारी बूट आणून ठेवले.

१५ नोव्हेंबर
गेला.

१६ नोव्हेंबर, सोमवार
आला. मार्चपेक्षा वाईट तोंड घेऊन.
हरीण चाळीस पावलांवर उभं होतं म्हणे. चुकला.
मी म्हटलं, "मग शर्ट अख्खा कसा?"
त्यांच्या कॅम्पची रीत आहे. ज्याचा नेम चुकेल त्याच्या शर्टाची मागची शेपटी कापायची, नाव आणि साल लिहून भिंतीला ठोकायची. सासऱ्यांच्या दोन आहेत. रैनोच्या पाच. एकदा आलेला पाद्रीसुद्धा सुटला नाही.
अर्विड बराच वेळ बूट सोडत बसला. मग म्हणाला, "कात्री कुणी उचललीच नाही. रैनो म्हणाला, दादाचं धरायचं नाही. सगळे चुलीकडे बघत बसले."
मी एवढा दस्ता घासला, कापला, पुन्हा कापला. आणि कॅम्पवरचे ते सोळा जण त्याला उचलून परत त्याच खुर्चीत ठेवून मोकळे. चांगली माणसं! चांगल्या माणसांपासून देव वाचवो.

१७ नोव्हेंबर
सकाळी उठले तर ट्रक नाही. माझी शिवणाची कात्रीही नाही.
अंधार पडायच्या आत आला. शर्ट मागून अर्धा. रैनोकडे पाठ करून उभा राहिला म्हणे — "काप. नाहीतर मी कापतो, आणि तुझ्या चड्डीपासून सुरुवात करतो."
जेवताना म्हणाला, "हिल्मा, गालाखाली फार जाड ठेवलंयस. म्हणून चुकतोय. उद्या पहाटे निघायचंय."
सहा आठवडे समोर बसून बघत होता, आणि हे आज सुचलं.
घासतेय.