फिलूच्या पावलाचं पान

२३ जाने. ८३
कॉलेज सोडल्याला तीन महिने झाले. बाबा अजून माझ्याशी बोलत नाहीत, वाडीतली कामं आईमार्फत सांगतात.
देवळामागच्या सिमेंटवर फादर हॉकी सुरू करतायत, चाकांचे बूट घालून. खरी ती बर्फावरची. आपल्याकडे बर्फ फक्त मासळीच्या टोपलीत. माझ्या मैत्रिणीला, फिलूला टीममध्ये यायचंय. निवड १३ फेब्रु.ला, बूट ज्याचे त्याने आणायचे. मी आणतो म्हटलं. म्हटलं खरं...

२५ जाने.
फिलू शेजारच्या गास गावाहून सायकलवर वाडीत आली. मापाला कागद नव्हता. केळीच्या पानावर उभी केली आणि कोयत्याच्या टोकाने पावलाभोवती कापलं. बाबा आमच्या चपलांची मापं चांभाराकडे अशीच न्यायचे.
"गुदगुल्या होतायत रे. केळी सोलतोयस का पाय?"
पान या वहीत ठेवलंय. रोज एकदा बघतो.

५ फेब्रु.
मुंबई, जुना बाजार. नवे परवडणारच नाहीत. पट्ट्यांचे, लोखंडी चाकांचे सगळ्यात स्वस्त. पण घोटा मोकळा, नवशिकी पहिल्याच दिवशी पाय मुरगळून बसणार. दुसऱ्या जोडाची दोन चाकं अडकत होती. तिसरा उंच, जाड कातड्याचा, घोट्याला ताठ. चाक बोटाने ढकललं तर फिरतच राहिलं. तळव्याला पान लावलं. बरोब्बर.
म्हातारा दुकानदार पानाकडे बघून हसला. "माप पे नहीं देता. पैर लेके आ."
टिंगल वाटली. भांडलो, माणसं जमली. घेतलेच शेवटी.

६ फेब्रु.
फिलूने घातले. उभी राहिली आणि तोंड उतरलं. घट्ट होतात का विचारलं, नसतील बसत तर स्पष्ट सांग, खाडीत फेकून देतो. जरा मोठ्यानेच बोललो असेन.
"बसतात म्हटलं ना."

१३ फेब्रु.
निवड झाली! एकदाही पडली नाही. बूट काढले तर मोजा टाचेला चिकटलेला, बोटांपाशी रक्ताने काळा पडलेला. आठवडाभर याच्यातच सराव करत होती.

१७ फेब्रु.
जखमा चिघळल्या. ताप. दवाखान्यात ठेवलंय. करंगळी राहील की नाही, डॉक्टर सांगत नाहीत. तिचा भाऊ इनास दारात उभा, मला आत सोडेना. मी ओरडलो, आधी का नाही बोलली ती?
तो हळूच म्हणाला, "तू असा ओरडतोस म्हणून."
हात उचलला होता. खाली घेतला.

१८ फेब्रु.
पान काढलं. कडा वळल्यात, रंग तपकिरी. आईने बघितलं. केळीचं पान अकरा दिवस ठेवून कोणी माप नेतं का, म्हणाली. बाबा कापलं की तसेच चांभाराकडे जायचे, वाळलं की आखडतं.
एवढंही कळू नये. केळीच्या वाडीत जन्मलोय मी.

२४ फेब्रु.
इनास बूट ओट्यावर ठेवून गेला. ताप उतरलाय. करंगळीचं अजून नक्की नाही. जाताना पाठमोराच म्हणाला, "बदलून आण म्हणते. खेळायचंय तिला."
या वेळी पान नाही, तिलाच नेईन बाजारात. चालता येऊ दे. म्हातारा जोड पुढे करेल, ती घालेल. मी विचारीन, बसतात का. हळू आवाजात विचारीन. ती म्हणेल बसतात.
आणि मला कसं कळणार की ती खरं सांगतेय, की माझ्या ओरडण्याला भिऊन?